मागची दोन

तळोद्याला, अक्कलकुव्याच्या रस्त्यावर,
हिलाल मिस्त्रीच्या दुकानात
टायरांच्या उतरंडीवर मांजर झोपलं होतं.
मी विचारलं, हिवाळ्याचं टायर आहे का?
तो हसला नाही. कानावरची बिडी काढली, म्हणाला,
"कोनता हिवाळा? आपला, का डाबना?"

प्रश्न बरोबर होता.
तळोद्यात हिवाळा म्हणजे कानटोपी
आणि दुपारी तीही खिशात.
वर डाबला पहाटे दव गोठतं,
पेंढ्यांवर मीठ सांडल्यासारखं,
बादलीतल्या पाण्याला काचेचा पापुद्रा येतो.
तिथून मला स्ट्रॉबेरी आणायची असते
ऊन चढायच्या आत,
जुन्या ओम्नीतून. ती मागच्या चाकांवर चालते.

रिकामी ओम्नी घाट चढताना
मी पुढं, इंजिन माझ्या बुडाखाली,
स्टेपनी सोडली तर मागं काही नाही.
ज्यांनी ढकलायचं ती दोन चाकं
आहेर न आणलेल्या पाहुण्यांसारखी
जमिनीला जेमतेम टेकलेली.

भाचा जयपाल विनिपेगला असतो.
फोनवर म्हणाला, मामा, सात अंशांच्या खाली
साध्या टायरचं रबर ताठरतं, पकड सोडतं.
बदलायचे तर चारही बदल. दोन बदलून भागत नाही.
त्याच्याकडं वजा तीस.
माझ्याकडं पाच हजार दोनशे.

म्हणजे दोनच.
मग दोन कुठं, यावर बाकावरच्या तिघांची चार मतं.
दगा ड्रायव्हर म्हणाला, नवी पुढं घाल,
मरण पुढून येतं.
कुणी म्हणालं, हवा कमी ठेव.
कुणी म्हणालं, डाबला जाऊच नको.
हिलाल एकेका टायरच्या खाचेत नख घालून बघत होता,
भरताचं वांगं निवडणाऱ्या बाईसारखा.
बाजूवरचे चार आकडे वाचून
दोन टायर त्यानं परत माळ्यावर फेकले. शिळे, म्हणाला.
उरलेल्यांतून मऊ रबराचे, बारीक चिरांचे दोन काढले,
थेट मागं लावले.
"पुढलं घसरनं ते तुले समजस.
मांगलं घसरनं, ते समजाले टाइमच राहत नही."
आणि पैसे मोजता मोजता,
"डिक्कीमा वजन ठेव."

वजन कुठलं ठेवू?
वाळूची गोणी ठेवली तर क्रेट कुठं ठेवू?

पहिल्याच फेरीला, पाचच्या सुमारास, डाबच्या अलीकडं
एका सावलीच्या वळणावर रस्ता चकाकला.
नवीन टायरांनी धरलं, पण पोटात आलं ते आलंच.
दुसऱ्या गिअरवर, पाय अंड्यावर ठेवल्यासारखा.
पुढं शेकोटीजवळ रायकीबाई, तिच्या दोन जावा
आणि दप्तर छातीशी धरलेला एक पोरगा.
बसू का?
मी म्हटलं, बसा. पुढं नको,
अगदी मागं सरका, चाकांवर.
पैसे विचारले त्यांनी. मी नको म्हटलं.
त्यांना वाटलं, माणूस चांगला आहे.
मला हिशेब माहीत होता: चौघं मिळून दोनशे किलो,
बोलणारी वाळू.
वळणं चढताना त्या हसत होत्या, पावरीत काहीतरी म्हणत होत्या,
गाडी सरळ चालली होती.

रुबजी पाडवीच्या शेतात फुलं काळी पडली होती.
रात्री जास्तच झालं, एवढंच तो म्हणाला.
तीस क्रेटांच्या जागी सात.
सात क्रेटांनी काय होतं? उतारावर ते वजनच नव्हे.
तो घरात गेला, जात्याची तळी
दोघांनी धरून बाहेर आणली,
टाकी लावून घ्यायचीच आहे, अक्कलकुव्याला टाक,
घाई नाही.
मी ती बरोबर धुऱ्यावर ठेवली, घोंगडीत गुंडाळून.

निघताना बघतो तर तो पोरगा शाळेत गेलाच नव्हता.
मागच्या चाकाशी उकिडवा बसून
नव्या टायरवरचे रबराचे केस
एकेक करून ओढत होता.
मी म्हटलं, उपटू नको रे.
का, म्हणाला.
मलाही माहीत नव्हतं.